नेसून मऊ केलेली लुगडी

रविवार, २८ सप्टेंबर १९९७
बिशान, सिंगापूर

तीर्थरूप आई,

चार वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, क्षमा करा. वही रोज लिहिते, ते तुम्हाला ठाऊक आहेच, "शैला, तुझ्या चित्रगुप्ताची हजेरी झाली का?" म्हणून तुम्ही चिडवायचात. पण लिहिता लिहिता तुमचं नाव येणार असं दिसलं की मी वाक्य दुसरीकडे वळवते. आज तसं करता आलं नाही.

आज द्वादशी, तुमची तिथी. बाहेर इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर दाटलाय, खिडक्या लावूनच वडे तळले. सुधीरनं पान वाढलं आणि सईला म्हणाला, हे आजीच्या फोटोपुढे ठेवून ये. सई सोफ्यावरून उठली नाही. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली,

"यू पुट ला, बाबा. आजीला मी आवडायचे नाही. शी ऑल्वेज पुश मी अवे."

सुधीर हसला. वेडी का गं तू, आजीचा जीव होता तुझ्यावर, म्हणाला. तुमच्या लेकाला काय माहीत? ती वर्षं तो सकाळी शिपयार्डात जायचा आणि परत यायचा तेव्हा सई झोपलेली असायची. सईनं खांदे उडवले. शेवटी पान मीच उचललं आणि फोटोपुढे ठेवलं. ठेवताना खीर सांडली.

मला माहीत होतं, आई. तुम्ही तिला का दूर सारायचात, हे या घरात फक्त मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सई तीन वर्षांची होती आणि माझा दुपट्यांचा उद्योग नुकता कुठे बाळसं धरत होता. सुधीरच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरी बसलेली बी.एस्सी. बाई मी. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका मराठी मुलीच्या बाळाला दुपटं शिवून दिलं, मग तिच्या मैत्रिणीनं मागितलं, मग त्या मैत्रिणीच्या मैत्रिणीनं. त्यातूनच हॉलंड रोडच्या कॉन्डोत राहणारी मार्था भेटली. बाळांच्या कपड्यांचं छोटंसं दुकान होतं तिचं. दुपटं गालाला लावून तिनं डोळेच मिटले. असं मऊ कापड तिनं कधी हाताळलं नव्हतं. कसं हाताळलेलं असणार? तुम्ही वाईहून आणलेल्या ट्रंकेतली, तुम्ही आणि तुमच्या जावांनी वर्षानुवर्षं नेसलेली लुगडी होती ती.

ट्रंक संपली आणि मागणी वाढली. मी नवं सुती कापड आणून धुतलं, उकळलं, पुन्हा धुतलं. ते विरलं, पण मऊ झालं नाही. तुम्ही बोटांत धरून बघितलंत. कापड धुऊन झिजतं, मऊ होतं ते अंगावर, म्हणालात. आणि मग अगदी सहज:

"मी नेसते की. नाहीतरी मला काहीतरी नेसायचंच आहे ना? उघडी का फिरणार आहे?"

ही युक्ती तुमचीच होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण तुम्ही मायेनं एकदा देऊ केलंत आणि मी त्याची पद्धत करून टाकली, हेही खरं आहे.

पुण्याहून येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर मी नवी लुगडी मागवू लागले. एक तुमच्या अंगावर, एक वाळत, एक घडीत. नऊ वार बांबूवर घालून खिडकीबाहेर सरकवायचं म्हणजे दोघींचं काम. खालच्या मजल्यावरची चिनी आजी मान वर करून बघत राहायची, हे संपतंय तरी कधी म्हणून. आपण दोघी किती हसायचो तेव्हा! ते हसणंही खरं होतं ना, आई? एवढं तरी मला ठेवू द्या.

नव्या लुगड्याची खळ इथल्या घामात तुमच्या कमरेला काचायची. तुम्ही खोबरेल लावायचात. मी ते लाल वळ पाहिले होते, विचारलंही होतं. खळ गेली की जातात, म्हणालात. मग खळ जायची, कापड नरम पडायचं, अंगाला बिलगायला लागायचं, आणि नेमकं तेव्हा मी ते काढून घ्यायची. आई, हे झालं आता, म्हणायची आणि दुसरं करकरीत तुमच्या हातात द्यायची. या घरात तुम्ही एक तरी मऊ लुगडं मनासारखं नेसलात का? मी आज बराच वेळ आठवून पाहिलं. मला एकही आठवलं नाही.

गणपतीत आपली सगळी मराठी मंडळी जमली होती तेव्हाचं आठवतं? तुम्हाला तुमचं हिरवं इरकल नेसायचं होतं, सकाळीच बाहेर काढून ठेवलं होतंत. मी म्हटलं, मार्थाची तारीख जवळ आलीय, आज हेच नेसा ना. तुम्ही इरकल परत घडी घालून ठेवलंत. तिथे लेले वहिनी तुम्हाला म्हणाल्या, "सून हौशी आहे हो तुमची, दर वेळी नवं कोरं लुगडं!"

"मग? अख्ख्या सिंगापुरात माझ्याइतकी नटवी म्हातारी दाखवा," तुम्ही म्हणालात.

सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि मी मान खाली न घालता प्रसादाचं ताट फिरवत राहिले.

आता डागाचं लिहायला हवं. मघापासून हात थांबतोय.

सईला खायला बसताना तुमची मांडी लागायची. खाता खाता मोकळ्या हातानं पदर ओढून गालाला लावायची. एका दुपारी ती मँगोस्टीन सोलून तशीच तुमच्या मांडीवर चढली आणि जवळजवळ तयार झालेल्या लुगड्यावर जांभळी बोटं उमटली. त्या सालीचा डाग जात नाही. मी साबण लावला, लिंबू चोळलं, उन्हात घातलं आणि मग तुमच्यापुढे येऊन उभी राहिले.

"आई, मधलाच भाग वाया गेला. थोडं सांभाळून बसत जा ना."

कामाला ठेवलेल्या बाईला बोलतानाही मी आवाज जपला असता. स्वतःच्या अंगावरच्या लुगड्याबद्दल, स्वतःच्या नातीमुळे, तुम्ही सुनेची बोलणी खाल्लीत. "बरं," एवढंच म्हणालात.

त्या दिवसानंतर सई धावत आली की तुमचा हात पुढे यायचा. लांब, लांब, आधी हात धू. ती हात धुऊन आली तरी नखांत काहीतरी असायचंच, खडू, जॅम, चॉकलेट. मांडीवर टॉवेल पसरून पाहिलात. पण तिला टॉवेल नको होता, लुगडंच हवं होतं. मग तिला समोरच्या खुर्चीत बसवून तुम्ही गोष्टी सांगू लागलात. गोष्टी त्याच होत्या, पण ती हळूहळू यायचीच बंद झाली.

मी हे पाहिलं होतं का? त्या दिवसांतल्या माझ्या वहीत यातलं एक अक्षर नाही. पण पाहिलं होतं. तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही आठवतं. बरं झालं, आता डाग पडणार नाहीत, असं आलं होतं.

त्याच सुमारास नव्यानं आलेल्या बायकांसाठी आपल्या मंडळींनी एक बैठक घेतली आणि मला बोलायला सांगितलं. घर आणि उद्योग दोन्ही कसं जमतं? मी वेळेच्या आखणीवर बोलले. सगळं आधी ठरवून ठेवावं, म्हणाले. घरच्यांना आपल्या कामात सामील करून घ्यावं, असंसुद्धा म्हणाले. दुसऱ्या रांगेत तुम्ही बसला होतात, खळीच्या लुगड्यात, पाठ ताठ. सई त्याच रांगेत होती. तुमच्या दोघींच्या मधे एक रिकामी खुर्ची होती. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.

आणि चांगी विमानतळ. तुम्ही कायमच्या वाईला निघालात, गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणालात. त्या दिवशी मात्र इरकल नेसला होतात. आत जायच्या आधी तुम्ही दोन्ही हात पसरून सईला म्हणालात, ये गं. ती ट्रॉलीमागून पुढे आली आणि जवळ जायच्या आधी तिनं दोन्ही तळवे वर करून तुम्हाला दाखवले. मग उलटे करून दाखवले. सहा वर्षांची पोर.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं बघितलं असतंत तर मला सोपं गेलं असतं. मग तिचे दोन्ही तळवे तुम्ही आपल्या गालांवर ठेवून घेतलेत, आणि वळून आत गेलात.

सईला ते आठवत नाही. तिला "लांब, लांब" आठवतं.

वर्षभरात तुम्ही गेलात. वाईला सुधीर एकटा आला. सईची परीक्षा आहे, असं मी कळवलं. परीक्षा होती, ते खोटं नव्हतं. पण मार्थाचा ख्रिसमसचा मालही होता, आणि त्या मालात तुम्ही नेसून मऊ केलेली शेवटची दोन लुगडी होती.

ती संपल्यावर मी सेरंगून रोडवरच्या एका दुकानातून तयार मलमल आणू लागले. मार्थाला बदल सांगायचा होता, धीर झाला नाही. तिनं नवं दुपटं गालाला लावलं आणि म्हणाली, "लव्हली, ॲज ऑल्वेज."

तिला फरक कळला नाही, आई. आणि ते मलमलीचं दुकान तुम्ही इथे होतात तेव्हाही तिथेच होतं.

पण आज लिहायला बसले ते यासाठीही नाही. हे सगळं जुनं झालं. आज दुपारी मी जे केलं, ते आजचं आहे.

जेवणं झाल्यावर मी सईच्या खोलीत गेले. ती गृहपाठ करत होती. आजीला तू फार आवडायचीस, मी म्हटलं.

"हाऊ यू नो? यू ऑल्वेज बिझी वॉट," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, उद्याची बस किती वाजता आहे हे सांगावं तसं.

मी म्हटलं, आजी तुला दूर करायची ती लुगड्याला डाग पडू नये म्हणून. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"सो आजीला लुगडं जास्त आवडायचं?"

उत्तर एका ओळीचं होतं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि मी उठले. मार्थाच होती. मी तिच्याशी फिकट निळा बरा की पिस्ता, यावर बोलले. परत आले तर सईनं दार लावून घेतलं होतं.

म्हणजे सकाळपर्यंत तिला वाटत होतं की आजीला ती आवडत नव्हती. आता तिला वाटतं की आजीला तिच्यापेक्षा एक लुगडं प्रिय होतं. आणि हे तिला मी सांगितलंय, तुमच्या श्राद्धाच्या दिवशी. तुम्हाला पुढे केलं आणि मी तुमच्यामागे लपले.

फोन वाजला म्हणून मी उठले का? नाही. फोन वाजला हे माझ्या पथ्यावर पडलं. सईच्या लेखी मी सतत कामात असलेली, पण भली आई आहे. खरं सांगितलं की त्यातलं "भली" जाईल. त्या एका शब्दासाठी मी तिची आजी तिच्यापासून दुसऱ्यांदा काढून घेतली.

एक तक्रार करू? तुम्ही तेव्हा "बरं" का म्हणालात? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंत. लुगडं फेकायचं होतंत माझ्या अंगावर, आणि म्हणायचं होतंत की नातीला मांडीवर घ्यायला मी कुणाची परवानगी मागणार नाही.

हे वाचून लक्षात येतंय, मी पुन्हा तुमच्याकडेच बोट दाखवतेय. खोडत नाही. मी अजून कशी आहे ते तुम्हाला कळू दे.

दुपटी शिवणं सोडीन, असं वचन मी देत नाही. द्यायला सोपं आहे, पण पाळलं जाणार नाही. मला ते काम आवडतं. देते ते एवढंच. सईशी बोलताना "मी घरासाठीच करत होते" हे वाक्य तोंडातून काढणार नाही. "आजीनंच सुचवलं होतं" हेही नाही. फोन वाजला तर वाजू देईन. आणि त्यानंतर ती मला जे म्हणेल, मराठीत म्हणो की इंग्रजीत, ते सगळं बसून ऐकेन. तुमच्यासारखं "बरं" म्हणून नाही. तिला अजून काही म्हणायचं असेल तर तेही विचारीन.

तुमची सून,
शैला

उद्या: सई शाळेतून आली की तिला सांगणे, ते लुगडं आजीचं नव्हतं, माझं होतं.