घुसमटलेला खालचा सूर

२ जून
ती. मामास पिपाणीचा सा. न. वि. वि.
आठ महिन्यांत एक ओळ नाही आणि आता काम निघाल्यावर लिहितेय, हे मलाही कळतंय. भेटल्यावर कान धर. माझ्या ट्रम्पेटचे खालचे सूर घुसमटलेत. वरचे ठणठणीत, पण खाली उतरलं की कुणी आत उशी कोंबल्यासारखं वाटतं. माझा दम कमी पडतोय की वाद्य बिघडलंय? वाजवताना बुटावर थेंब पडतात ते वेगळंच. तुझ्यासारखा दुरुस्तीवाला इथे कुणी नाही.
गुडघ्यांना जप, आणि रुसू नकोस.
तुझी पिपाणी

६ जून
चि. पिपाणीस अनेक उत्तम आशीर्वाद.
पाकिटावरचं तुझं अक्षर दारातच उलटसुलट करून बघत राहिलो. पोस्टमनला सांगितलं, चष्मा सापडत नाही म्हणून.
बोटांखालचे तिन्ही व्हॉल्व्ह काढून पुसून घे. एखादा तिरका बसला की हवा अडते. त्यांच्यावरचे आकडे जुळवून बसव आणि कळव. खोलीला खिडकी आहे का? जेवतेस कुठे? सविस्तर लिही, दुरुस्तीला उपयोग होतो.
तुझा मामा

१० जून
ती. मामास सा. न.
व्हॉल्व्ह जागच्या जागी आहेत, सूर मात्र तसाच. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात, हत्तीला सर्दी झालीय. खिडकी आहे, समोर लाँड्री. जेवण खानावळीत, बरं असतं. पण मामा, खानावळीचा आणि व्हॉल्व्हचा काय संबंध?
उत्तराची वाट बघणारी,
पिपाणी

१४ जून
चि. पिपाणीस आशीर्वाद.
संबंध असतो. आता तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी, तो न दाबता, झटकन ओढ. ‘फट्’ आवाज आला तर तिथून हवा गळत नाही. एका वेळी एकच तपासणी, घाई नको. शिंपीणबाईंबद्दल आणखी लिही.
मामा

१७ जून
ती. मामास सा. न.
फट् आला, खणखणीत. आता मात्र लवकर सांग. तुला बोलले नव्हते, सव्वीसला इथल्या वाद्यवृंदाची निवड आहे. जागा दुसऱ्या ट्रम्पेटची, म्हणजे खालचे सूर माझ्याच गळ्यात. हे असंच राहिलं तर नाव मागे घे, असं आमचे बँडमास्तर म्हणाले. परवापासून मी पेटी उघडलेली नाही.
पिपाणी

२० जून
चि. पिपाणी,
नळीत साचलेलं पाणी सोडायच्या चावीखालचं बूच आक्रसलंय, हवा तिथून गळते. चावी बोटाने घट्ट दाबून वाजव, सूर लगेच मोकळा होईल. नवं बूच पाकिटात आहे. जुनं खरवडून तिथे चिकटव.
थेंबांचं वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. पण लगेच सांगितलं असतं तर तुझं पुढचं पत्र कधी आलं असतं? म्हणून तुकडे पाडून लिहीत राहिलो. निवडीचं ठाऊक नव्हतं. चुकलं माझं. रागाव, पण आधी बूच बदल.
मामा

२७ जून
ती. मामास सा. न. वि. वि.
रागावले, चांगली दोन तास. मग बूच लावलं आणि सूर असा सुटला, की शिंपीणबाई हातातली कात्री घेऊनच जिना चढून आल्या. काल परीक्षकांनी खालचा तुकडा पुन्हा वाजवायला लावला. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग कळलं, त्यांना तो नुसता आणखी एकदा ऐकायचा होता. जागा मिळाली, मामा!
तुझी चूक दोन आठवड्यांची, माझी आठ महिन्यांची. तेव्हा ओरडायचा हक्क तुझाच.
आता नवी भानगड. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की वर यायला आळस करतो. कारण तुला वाचतावाचताच कळलं असेल.
एकाच पत्रात सांगू नकोस.
तुझीच,
पिपाणी