पान चाळीस, एकेचाळीस

बाबा, विद्यापीठाच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय आणि विद्यार्थ्यांचे जुने वार्षिक अंक तपासायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रोज अकराला बसते, तुम्ही बांधलेला एकेक खंड उघडते, पानं मोजते, नोंद करते. परवा एका खंडात एक पान हाताला जाड लागलं. एकोणचाळीसनंतर एकदम बेचाळीस. मधली समोरासमोरची दोन पानं चारही कडांनी एकमेकांना चिकटवलेली, इतक्या सफाईने की मुद्दाम मोजल्याशिवाय कळू नये. त्या दोन पानांवर माझा लेख आहे. मला रडू वगैरे आलं नाही. वहीत पेन्सिलीने टिंब केलं आणि डबा खायला गेले.

तुम्ही तिथले दफ्तरी, म्हणजे पुस्तकं बांधणारे. कामठीहून सकाळच्या बसने यायचात. कीड लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचात, त्याने तुमची नखं कायम हिरवट. बाकीचे बांधणारे अंकाचं कव्हर आणि जाहिराती काढून टाकतात, बांधणी बारीक होते. तुम्ही सगळं शिवायचात. सुट्टीत मी तुमच्याजवळ बसलेले असताना सायकलच्या दुकानाची एक फाटकी जाहिरात बाजूला टाकली, तर केवढ्यांदा ओरडला होतात. "काहून फेकते वं? पोरं उन्हातान्हात फिरून आनतेत ते. अंक जसा आला तसाच राहाले पाह्यजे. पान फाडाले आपला हात नाही उठत." आज इतिहासवाले प्राध्यापक त्या जाहिरातींवरच खूश आहेत. मी त्यांना सांगितलं, हे माझ्या वडिलांचं काम. ते "वा" म्हणाले.

बी.ए.ला हॉस्टेलवर असताना मी तो लेख लिहिला, तुमच्यावरच. आपल्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि छापून आलेली तर आपल्या अख्ख्या वस्तीत पहिली. अंक घेऊन घरी आले त्या रविवारची दुपार आहे. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. "वाचून दाखव वं पोरी, तू काय लिहिलं ते." मी वाचते. एक परिच्छेद येतो, तो न वाचता मी पुढे जाते. त्यात लिहिलं होतं की माझे वडील जन्मभर पुस्तकं बांधतात आणि पुस्तक मात्र उलटं धरून बघतात. वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "दोन पानं हायेत ना? लवकरच सरलं." मी म्हटलं, मध्ये चित्र आहे. तुम्ही मान हलवलीत. पानाचा अंदाज तुमचा कधी चुकलाय? एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढचं मला तुम्ही गेल्यावर ग्रंथालयातल्या कारकुनाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंक त्याच्यापुढे धरून म्हणालात, "माह्या पोरीचं हाये, जरा मोठ्यानं वाचा." त्याने सगळं वाचलं. टेबलाभोवतीची माणसं हसली, तुम्हीही हसलात म्हणे. त्या संध्याकाळी घरी आलात, हात धुतलेत, जेवलात आणि आईला म्हणालात, "आज वरनात मीठ कमी हाये." मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. त्यानंतरच कधीतरी तो अंक बांधायला आला असणार आणि तुम्ही खळीचा ब्रश उचलला असणार. सरळ फाडून टाकलं असतंत तर मला आज बरं वाटलं असतं.

प्राध्यापकांना तो लेख हवाय. दुसरी प्रत कुठे मिळाली नाही. "बाई, धर्मांतरानंतर शिकलेल्या मुलींचं हे पहिलं लेखन आहे, अस्सल आहे. ओलं करून उघडा ना," असं म्हणून ते रोज येऊन उभे राहतात. मैद्याची खळ ओल्या कापसाने अर्ध्या तासात सुटते, हे मला तुम्हीच शिकवलंय. काल दुपारी कापूस भिजवून बसले. तो वाळला, मी पुन्हा भिजवला. शेवटी प्राध्यापक आले तेव्हा सांगितलं की उघडायला गेलं तर छपाई निघून येईल, दोन्ही पानं जातील. छपाईची शाई पाण्याने निघत नाही, पण त्यांनी मुकाट्याने मानलं, दफ्तऱ्याची मुलगी म्हणतेय म्हणून. वहीत मी लिहिलं, "पृष्ठे ४० व ४१ वाचता येत नाहीत." खाली सही केली. आजवर तिथे मी खोटी नोंद केलेली नव्हती. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

हे पत्र कोणाला द्यायचं नाही, कुठल्या खंडातही ठेवायचं नाही, म्हणून आता उरलेलं लिहून टाकते. बाबा, तुम्ही पुस्तक कधीच उलटं धरलं नव्हतं. एकदाही नाही. हॉस्टेलच्या मुलींनी हसावं म्हणून ते मी रचलं होतं.