तिळाएवढा शंख

बाई, तुमचे डोळे चांगले होते. आधी एवढं लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

परळच्या आपल्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची लॅब. गिरगाव चौपाटीची वाळू तुम्ही पिशवीतून आणायचात आणि दुपारभर ताटलीत पसरून भिंगाखाली निवडत बसायचात. त्यात एकदा समुद्री गोगलगायीचा तिळाएवढा शंख निघाला. "अगं, इकडे ये, बघ! जन्मभर चौपाटीवर भेळ खाल्ली, आणि हा पठ्ठ्या पायाखाली होता!" लगेच वहीत त्याचं चित्र काढलंत. पांढरा, गुळगुळीत, अंगावर एक रेघ नाही. मला बजावलंत, "चिमटा लावायचा नाही हं. ओल्या कुंचल्यानेच उचलायचा." तुम्ही चहाला गेलात आणि मी चिमटा लावला. घाई, दुसरं काय! साधा आवाजसुद्धा झाला नाही. ताटलीत चिमूटभरसुद्धा म्हणता येणार नाही इतकी भुकटी उरली.

माझ्या डबीत मालवणच्या मामाकडच्या वाळूतले असलेच बारीक शंख होते. त्यातला एक मी तुमच्या काचेच्या नळीत टाकला. नळीवर तुमच्या अक्षरातली 'गिरगाव चौपाटी' अशी चिठ्ठी होती, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंग लावून कितीतरी वेळ बघताय. "याच्यावर उभ्या रेघा आहेत गं. मला काल कशा दिसल्या नाहीत?" मी शेजारीच उभी आहे. तुम्ही खोडरबर घेतलंत, माझ्यादेखत ते बरोबर काढलेलं चित्र खोडलंत आणि त्याच जागी रेघांचं काढलंत. मग चष्मा पुसत हसलात, "संपलं. डोळे गेले माझे." त्यानंतर तुम्ही कधी वाळू आणली नाहीत. रिटायर होताना भिंग माझ्या हातात ठेवलंत, म्हणालात, "घे. तुझे डोळे तरुण आहेत." मी वाकून नमस्कार केला. मेलीने तेव्हा तरी तोंड उघडायचं! दोन वर्षांत तुम्ही गेलात.

आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. काल माझ्या एका विद्यार्थिनीने ती नळी तुमच्याच भिंगाखाली धरली. "मॅम, मला गिरगावला असे रेघांचे मिळतच नाहीत, सगळे प्लेन. ही चिठ्ठी नक्की बरोबर आहे ना?" पोरगी हुशार आहे, तुम्हाला फार आवडली असती. आणि मी तिला काय सांगावं? "अगं, बाईंना शेवटी शेवटी नीट दिसत नव्हतं." तिने मान डोलावली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

रात्रभर लाज वाटत राहिली, म्हणून हे लिहायला बसले. घडी करून भिंगाच्या डबीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू? ती आज पुन्हा लॅबमध्ये आली होती, बाई. वही तिच्या हातातच होती. मी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं.