विहीणबाईंकडे गेलेली वीस पिल्लं

किमिलिली, सोमवार दुपार

आदरणीय मासिंदेच्या आई,

डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरून आणि गुडघे वाकवून केलेला माझा नमस्कार कागदावर दिसत नाही, पण तो केलेला आहे असं समजावं. (माझे गुडघे हल्ली अर्ध्यावरच थांबतात, तेवढी सूट द्यावी.) तुमची कंबर, सिमियूभाऊंचा खोकला आणि परवा बोलता बोलता तुम्ही जिचा उल्लेख केलात ती व्यायला आलेली गाय, सगळी कशी आहेत ते कळवावं. देवाच्या दयेने आम्ही इकडे ठीक आहोत. शनिवारी तुम्ही पाचजण आमच्या दारी आलात, आमच्या नासांबूसाठी तुमच्या मासिंदेकडून यायच्या गाईंची बोलणी झाली, आणि एकाही पुरुषाने रागाने खुर्ची मागे सरकवली नाही, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडलं. नासांबू तेव्हापासून भांडी घासताना गाते. तिचा आवाज तिच्या वडिलांवर गेलाय, त्यामुळे तुम्ही आत्ताच मनाची तयारी केलेली बरी.

निघताना तुमच्या हाती दिलेली वीस तपकिरी पिल्लं सुखरूप पोचली असतील. हे पत्र त्यांच्याविषयीच आहे. मी काही मागत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. पाहुण्याला दिलेलं कोंबडं परत मागणारी बाई आमच्या सात पिढ्यांत झालेली नाही आणि माझ्यापासून ती सुरुवात होणार नाही. फक्त काय घडलं ते सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर माझे यजमान वान्योन्यी मूर्ख ठरतील. पहिल्यापासून सांगितलं तरी ठरतील, पण निदान का ते कळेल.

आमच्या चर्चमध्ये बारा बायकांचा गट आहे आणि मी त्याची अध्यक्ष. आम्ही वर्षभर भुईमूग भाजून विकला, तो कशासाठी, तर अंड्यांच्या शंभर तलंगा घ्यायच्या आणि गावच्या प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला आठवड्याला एक उकडलेलं अंडं द्यायचं. (शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं मधेच खाली बसतात, आणि ते भक्तीमुळे नसतं.) पिल्लं मोठी होईपर्यंत माझ्याकडे राहायची, कारण माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत नाही. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर बाराजणी ती बघायला येणार आणि आमची चिटणीस सेलिना ती मोजणार. सेलिना चर्चमधल्या मेणबत्त्यासुद्धा मोजते, अर्ध्या जळलेल्या वेगळ्या.

तर गेल्या बुधवारी मी पिल्लं आणायला एल्डोरेटजवळच्या एका हॅचरीत गेले. मासिंदेच्या आई, मी पाच मुलं जन्माला घातली, त्यातलं एक उसाच्या ट्रॅक्टरमध्ये. तेव्हा जन्म म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. तिथे ओपियो नावाचा एक सभ्य गृहस्थ होता, पांढरा डगला, पायात गमबूट. त्याने मलाही तसेच बूट घालायला लावले (दोन्ही डाव्या पायाचे), माझे हात औषधाच्या पाण्यात बुडवले आणि एका लोखंडी कपाटाचं दार उघडलं. आत अंड्यांचे थरावर थर. तो म्हणाला, "आई, कान लावा." मी कान लावला. अंडी बोलत होती. एकही फुटलेलं नव्हतं, आणि आतून ती एकमेकांना हाका मारत होती, तू तयार आहेस का, मी तयार आहे, अशी. माझ्या अंगावर काटा आला. मी चर्चमध्ये पन्नास वर्षं जातेय, पण तोंडातले शब्द आपोआप नाहीसे व्हावेत असं तिथे मला कधी झालेलं नाही. ओपियोने मला खुर्ची दिली. त्याला वाटलं मला चक्कर आली.

मग त्यानं सांगितलं की बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला सगळा पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं, आणि त्या शिदोरीवर ते तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. म्हणून तर त्यांना खोक्यात घालून लांबलांब पाठवता येतं. मी विचारलं, ही युक्ती कुणाची. तो म्हणाला, "आमची नाही." त्याचं हे उत्तर मला फार आवडलं. आणि अजून एक. या जातीत मुली तपकिरी जन्माला येतात आणि मुलगे पिवळे. शेपटी उचलून बघायला नको, पंख ताणायला नकोत. माझ्या सासूबाई माझं पोट बघून पाचही वेळा चुकल्या, आणि इथे देवाने लेकरं कपडे घालूनच पाठवली आहेत.

आता पुढचं लिहिताना माझा हात जरा जड होतो. दोन मुली टेबलाशी उभ्या होत्या, त्यांचे हात इतके भराभर चालत होते की मला नुसते रंगच दिसत होते. तपकिरी उजवीकडच्या खोक्यात, पिवळी डावीकडे. उजवीकडे झाकणाचे खोके होते. डावीकडे एक निळा ड्रम होता. मी विचारलं, पिवळी कुठे जातात. ओपियोने चष्मा काढून पुसला, जो आधीच स्वच्छ होता. मग म्हणाला, "आई, ती अंडी देत नाहीत आणि अंगावर मांसही धरत नाहीत. त्यांना खायला घालणं परवडत नाही." मी ड्रममध्ये डोकावले. वरची अजून एकमेकांना हाका मारत होती, मघाशी कपाटात मारत होती तशाच.

आमच्या आजीच्या काळी बायकांना कोंबडी आणि अंडं दोन्ही वर्ज्य होतं, हे तुमच्याकडेही असेलच. पुरुष खायचे आणि बायका रस्सा ढवळायच्या. मला जन्मभर वाटत आलं की केवढा हा अन्याय, आणि पहिलं अंडं मी शाळेत बाईंच्या समोर, आजीच्या नाकावर टिच्चून खाल्लं होतं. बुधवारी त्या ड्रमपाशी प्रथमच वाटलं की या एका बाबतीत म्हातारीचे हात स्वच्छ होते. (तेव्हापासून मी अंडं सोडलं. शुक्रवारी पुन्हा धरलं. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.) पण त्या क्षणी मी काही विचार केला नाही. खांद्यावरचा लेसो काढला, त्याची झोळी केली आणि ओपियोला म्हटलं, यात घाला. तो म्हणाला, "किती?" मी म्हटलं, झोळी भरेपर्यंत. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही ओंजळींनी घालत सुटला. साठ झाली. शेवटी त्यानेच एक रिकामा खोका दिला, कारण झोळी चालायला लागली होती.

मटाटूतला कंडक्टर म्हणाला की एकशे साठ प्रवासी आहेत, माणशी भाडं पडेल. मी म्हटलं, त्यांच्या मांडीवर मी बसलेली नाही, ती माझ्या मांडीवर आहेत. सगळी गाडी हसली आणि पुढे वेबुयेपर्यंत झाकणाच्या भोकांतून बोटं घालत राहिली. एक दारू प्यायलेले आजोबा तर ओक्साबोक्शी रडले. म्हणाले, मला कुणी असं खोक्यातून कधी घरी नेलं नाही.

घरी आल्यावर वान्योन्यींनी दोन्ही खोके पाहिले, पिवळ्यांची हकिकत ऐकली आणि विचारलं की पहिल्या दिवशी मरणातून सोडवून आणलेले हे साठजण पाचव्या महिन्यात मीच कापायचे ना. हे त्यांचं नेहमीचं. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी तोलतात. मी म्हटलं, कापाल. पाहुणा आला की कापालच. पण तोवर त्याने ऊन पाहिलेलं असेल, वाळवी खाल्लेली असेल, पावसात भिजून शेजाऱ्याच्या कोथिंबिरीत घुसलेला असेल, आणि पहाटे सगळ्या गावाला उठवल्याचा माज केलेला असेल. ड्रममधल्याला यातलं काय मिळालं? गुरुवारी पाहते तर शेगडीजवळ भुश्यात बसून एकेकाची चोच पाण्यात बुडवून त्याला प्यायला शिकवत होते. साठच्या साठ. पिल्लू उभ्या उभ्या झोपतं आणि मग हळूच नाकावर पडतं, हे त्यांनी मला स्वयंपाक सोडून तीनदा बघायला बोलावलं. माणूस चाळीस वर्षांच्या संसारात नवीन निघतो, याचंही मला नवल वाटलं.

आणि मग शनिवारी तुम्ही आलात. पाहुणा रिकाम्या हाताने परत जाऊ शकत नाही, त्यातून तुम्ही मुलाकडचे. पण जानेवारीत मानमोडीने आमच्या सगळ्या कोंबड्या नेल्या होत्या. वाचलेला एकुलता एक कोंबडा तुमच्यासमोर मक्याच्या उगालीबरोबर वाढलेला होता, आणि त्याच्या पोटातली मानाची पेटी रीतीप्रमाणे सिमियूभाऊंच्या ताटात. निघायची वेळ झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात धुरात होते. यजमान आत येऊन कुजबुजले, द्यायचं काय. मी म्हटलं, खोक्यातली वीस पिल्लं द्या. रंग सांगितला नाही. सांगायची गरजच काय होती, पाहुण्याला कोंबडा देतात हे शेंबडं पोरही जाणतं, आणि कोंबडे सगळे पिवळ्या खोक्यात.

पण वान्योन्यींनी तोलून पाहिलं. होणाऱ्या व्याह्यांना काय द्यायचं, तर हॅचरीने फेकून दिलेलं? फुकट मिळालेलं? उद्या त्यांना कळलं तर आपली मुलगी त्या घरात मान वर करू शकेल का? म्हणून त्यांनी उत्तमातली उत्तम, तपकिरी, टवटवीत अशी वीस निवडून मक्याच्या टोपलीत घातली. माणूस वाईट नाही हो. तुमच्या मोटारसायकली निघाल्या, तुम्ही टोपली छातीशी धरली होती, आणि मी अंगणात उभी राहून जीभ वळवून अशी आनंदाची आरोळी ठोकली की शेजारची गाय दावं तोडून पळाली. मग आत जाऊन खोके उघडले. साठ पिवळी जशीच्या तशी. तपकिरी ऐंशी. मी तिथेच भुश्यात बसले. आरोळी अजून बाहेर घुमत होती.

तेव्हा बाराजणींच्या तलंगांपैकी वीस आज तुमच्या घरी आहेत, म्हणजे आठवड्याला शंभरेक मुलांची अंडी, आणि रविवारी सेलिना येणार आहे. यजमान म्हणतात की वीस पिवळ्यांना चहाच्या पाण्यात बुडवून काढू. मी त्यांच्याशी कालपासून बोलत नाही. पण तुम्हाला यातलं काही मागायचं म्हणून लिहिलं नाही, हे मी वर सांगितलंच आहे. दिलेलं ते दिलेलं, आणि माझ्या नासांबूचं सुख वीस कोंबड्यांहून मला मोठं आहे. फक्त एवढंच वाटलं की ती पिल्लं जिथून आली ते तुम्हालाही कळावं, म्हणजे त्यांच्याकडे बघताना तुमच्याही अंगावर काटा येईल. त्यांना ऊब द्या, आणि पाणी उथळ ठेवा.

सिमियूभाऊंना, मासिंदेला आणि त्या गाईला आमची आठवण सांगावी.

तुमची होऊ घातलेली विहीण,
रेबेका नालियाका

ता. क. हे पत्र ज्या खोक्याच्या झाकणाला चिकटवलं आहे त्यात वीस पिवळी पिल्लं आहेत. ही माझ्याकडून तुम्हाला भेट, बदल्यात वगैरे काही नाही. भेट नाकारता येत नाही हे तुम्ही जाणताच, त्यामुळे त्या बाबतीत मी निश्चिंत आहे.

ता. क. २ खोका मात्र मला ओपियोला द्यायचा आहे, तेवढा शनिवारच्या आत याच मटाटूवाल्याच्या हाती परत धाडावा. तुम्ही मोठ्या घरच्या. शेजारणीचं भांडंसुद्धा तुम्ही कधी रिकामं परत पाठवलं नसेल. तेव्हा खोकाही रिकामा पाठवायला तुमचा हात धजणार नाही, हे मला ठाऊक आहे. आत काय घालावं हे सांगणारी मी कोण? (वीस अगदी आरामात बसतात.)

ता. क. ३ आणि त्या तपकिऱ्यांचा तुम्हाला लळा लागला असेल तर खरंच राहू द्या. लळा कसा लागतो ते मी चांगलं पाहिलंय. खोक्यात मका भरून पाठवा, मी समजून घेईन. रविवारी बाराजणींसमोर उभी राहून खरं काय ते सांगेन आणि अध्यक्षपद सेलिनाला देईन. आपल्या नात्यात त्याने तसूभरही फरक पडणार नाही.

ता. क. ४ मका यंदा आमच्याकडे भरपूर झाला आहे.