एक घर सरकवलेली पट्टी

गुरुजी, आज शनिवार, १० मार्च १९७९, सकाळचे साडेनऊ. सांगलीच्या वखारीत सागाच्या ओंडक्याचा घेर दोनदा मोजला तरी आकडा डोक्यात राहीना, म्हणून टेप ठेवून घेराच्या नोंदींच्या वहीतच लिहायला बसलो. तुमचा ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता, त्या ऑस्ट्रेलियातल्या मास्तरांचं पत्र आलं आहे. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, हे मी त्यांना कळवलंच नव्हतं. तुमच्या मेढ्याच्या शाळेने पत्र माझ्याकडे पाठवलं. शब्दकोश घेऊन वाचायला चार दिवस लागले. आपला झाडांच्या वलयांचा तक्ता ते पुस्तकात छापणार आहेत.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. चुलीजवळ पाटावर सागाची चकती, हातात भिंग, आणि तुम्ही वलयं मोजताय. रुंद वलय म्हणजे भरपूर पावसाचं साल, चिंचोळं म्हणजे कोरडं. आपल्या वलयांची कागदी पट्टी वर, त्या मास्तरांनी तिकडच्या झाडांची पाठवलेली खाली. कोरडी सालं दोन्हीकडे एकदमच येत होती का, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, त्यामुळे त्यांचं एक वलय दोन सालांत पसरतं. ते सुरू झालं त्याच सालावर मांडायचं, हे तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. एकदा मी पट्टी जरा हलवून पाहिली, तर भिंगाची मूठ बोटांवर बसली. "जुळंना म्हणून सरकवायचं न्हाई, गड्या. जुळत न्हाई, ह्ये बी उत्तरच हाय."

मग तुम्ही अंथरूण धरलंत आणि तक्ता पुरा करायचं काम माझ्याकडे आलं. नियमाने मांडला तर काहीच जुळेना. इतक्या वर्षांचं तुमचं काम, आणि असला कागद घेऊन तुमच्यापुढे कसं यायचं? मी खालची पट्टी एक घर, म्हणजे एक साल, सरकवली आणि सालं बदलून शाईने सुवाच्य लिहिली. तुम्ही उशीवरून मान उचलता, चिंचोळ्या वलयांवरून बोट फिरवता, काकूंना हाक मारता. "अगं, हिकडं ये. सारी पृथ्वी एकदमच तहानंली व्हती बघ." आणि मला म्हणता, "तू शाळा सोडायला नको व्हतीस रं." तक्ता मीच टपालात टाकला. आठवड्याने तुम्ही गेलात.

काल पट्ट्या पुन्हा नियमाने मांडल्या. जुळत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मास्तरांना तसं कळवलं. चूक माझी, गुरुजींची नाही, हेही लिहिलं, स्पेलिंगं दोनदा तपासून. ते पाकीट आज टपालात पडेल. हे लिहिलेलं मात्र घेराच्या वहीतच राहील. त्यांना मी लिहिलंय की चूक घाईत झाली. गुरुजी, घाई नव्हती. ती पट्टी सरकवायला मी सबंध दुपार घेतली होती.