खडूची फुली

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईकडे जाताना तू माझी काळी छत्री नेलीस. या अन्यायाची दाद मी कुठे मागावी? भिंगावर धरायला ती नसल्यामुळे गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी फोटोत चोरासारखी दिसू लागली आहेत. अर्थात, काहींच्या बाबतीत दोष छत्रीचा नाही.

मॅनेजर सांगत फिरतोय, की खांब कुजल्याचं खाणीच्या सुताराने, म्हणजे आपल्या भावोजींनी, कळवलंच नाही. छत कोसळलं आणि ते गेले, ही त्यांचीच चूक. चौदा तारखेला चौकशी आहे. तिथे हे खरं ठरलं, तर खाणीने दिलेलं तुझं घर काढून घेणार. आणि हाच माणूस अपघाताच्या आदल्या आठवड्यात मी खाणीत काढलेला त्याचा फोटो दाराएवढा मोठा करून मागतोय, ऑफिसात लावायला. मी दुकान उघडलं तेव्हा म्हणाला होता, बायकांनी फोटोत बसावं, काढू नयेत.

मी त्याला सोडणार नाही. छत्री पाठव, लोभ नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझी धाकटी

ता. ८ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

छत्री पाठवली आहे. तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस, दुकान गमावून बसशील. कुजक्या खांबावर हे खडूने फुली मारायचे, सगळ्या खाणीला ठाऊक आहे. पण खांबच गाडला गेला, आता दाखवणार काय? तुझ्या कॅमेऱ्याची तिवई यांनी केली, तेव्हा बदल्यात यांचा फोटो काढून देईन म्हणाली होतीस. माझ्याकडे एकही नाही गं.

जेवत जा. माया आहेच.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं घर राहिलं. मॅनेजरला घरी बसवलं.

तुझं पत्र वाचून मॅनेजरच्या फोटोची मूळ काच, निगेटिव्ह, पुन्हा उजेडात धरली. त्याच्या कोपरामागे खांब, खांबावर फुली. मग त्याची दुसरी हनुवटी मी पेन्सिलने इतक्या प्रेमाने घालवली, की फोटो आल्यावर त्याने स्वतःखेरीज काही पाहिलंच नाही. खाली फोटो काढला त्या दिवसाची तारीख घालून ऐटीत सही केली. चौकशी त्याच फोटोखाली झाली. ही खूण कसली, असं चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं. मॅनेजर म्हणाला, काचेवरचा डाग असेल. दारातले खाणकामगार एका सुरात म्हणाले, सुताराची फुली, खांब बदला म्हणून.

संध्याकाळी तो काच विकत मागायला आला. मी म्हटलं, बायकांनी फोटो काढू नयेत ना, मग माझ्याकडे काच कुठली?

छत्री पोचली. फोटो मोठा करताना त्याने बजावलं होतं, कडेचा तो सुतार कापून टाक. मी कापला. तो तुकडा सोबत पाठवते आहे. भावोजी कंदील धरून उभे आहेत, जरासुद्धा हललेले नाहीत.

तिवईबद्दल.

धाकटी