तिची तीन पावलं, माझं एक

आबा, काल संध्याकाळी औषधं घेऊन येताना मी सोसायटीमागच्या कोर्टपाशी जरा थांबले. मुली बास्केटबॉल खेळत होत्या. एक जण बॉल न टपवता सरळ धावत गेली, कुणी काही बोललं नाही. लगेच दुसरीचा पाय थोडा हलला तर शिट्टी. ती रडवेली होऊन विचारत होती, "मग तिला शिट्टी का नाही?" मी निघून आले, पण भात लावताना माझं लक्ष लागेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला तुमच्याशी भांडावंसं वाटत होतं.

पोफळीच्या कॉलनीत बास्केटबॉलचे नियम नीट ठाऊक असलेले तुम्ही एकटेच. पॉवरहाऊसमधली शिफ्ट संपली की चहा घेऊन तुम्ही थेट मैदानावर यायचात, अंगाला तेलाचा वास तसाच. बॉल हातात धरला की एक पाय रोवून ठेवायचा, तो सरकला किंवा बॉल न टपवता जास्त पावलं टाकली की ट्रॅव्हल, बॉल समोरच्यांना, हे तुम्ही आम्हा मुलींना किती वेळा सांगितलं असेल. शिट्टी वाजवून दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या, ही त्याची खूण. आई ती खूण घरात करायची. तुम्ही कपबशी घेऊन ओट्यापासून पडवीपर्यंत गेलात की ती मुठी फिरवायची आणि म्हणायची, "ट्रॅव्हल. कप इकडे द्या." तुम्ही निमूट कप परत द्यायचात. आम्ही हसायचो.

एका वर्षी दिवाळीनंतर सावर्ड्याकडच्या मुलींशी आमची मॅच ठरली. बघायला निवड करणारे येणार होते आणि आमच्या भागातून एकच मुलगी रत्नागिरीला जिल्ह्याच्या टीममध्ये घ्यायची होती. तुम्ही चिपळूणहून मला कॅनव्हासचे पांढरे बूट आणलेत. आदल्या दिवशी ते घालून मी घरभर फिरले. मॅचच्या दिवशी बाहेरचे पंच आलेच नाहीत, म्हणून तुम्हालाच उभं केलं. तिकडचे सर हसत हसत म्हणाले, "तुमची मुलगी खेळत्येय ना हो?" तुम्ही म्हणालात, "मैदानात मुलगी नसते कोणाची." मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता.

शेवटची मिनिटं आहेत. आम्ही एका गुणाने पुढे. बॉल माझ्याकडे येतो, मी थांबते, वळते, आणि जांभ्याच्या बारीक खड्यांवर माझा रोवलेला पाय सरकतो. बोटभर. शिट्टी. तुमच्या मुठी फिरतात, तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. बॉल त्यांना मिळतो. त्यांची एक उंच मुलगी, अनवाणी, बॉल छातीशी धरून धावते, एक, दोन, तीन पावलं, आणि टाकते. बास्केट. मी तुमच्याकडे बघते. शिट्टी तुमच्या ओठांत आहे आणि गाल फुगलेले नाहीत. मॅच गेली. निवड त्या मुलीची झाली, आणि ती वाईट खेळत नव्हती हेही खरं.

रात्री जेवताना आईने विषय काढला. "अहो, हिचा पाय तेवढा दिसला तुम्हाला?"

"सरकला होता हिचा पाय."

"आणि त्या पोरीचा?"

तुम्ही आमटी ओतून घेतलीत. मग म्हणालात, "अनवाणी खेळत होती गं ती. त्यांच्याकडे धड मैदान नाही. झाडाला टोपली बांधून शिकल्यात त्या पोरी."

"म्हणजे जिला बूट घेऊन दिलेत, तिचीच पावलं मोजायची?"

तुम्ही भात कालवायला लागलात. आईने मला म्हटलं, "तू जेव गो." मी जेवले. त्या दिवसानंतर आईने घरात मुठी फिरवणं बंद केलं. तुम्ही कप कुठेही नेलात तरी ती काही बोलायची नाही.

पण मला जे छळतं ते त्यानंतरचं आहे. आठवड्याने मी पुन्हा मैदानावर आले. माझा पाय सरकला, तुम्ही शिट्टी वाजवली नाहीत. मला वाटलं, दिसलं नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. इतर मुलींना तुम्ही ट्रॅव्हल देत होतात, मला नाही. मग एकदा मी मुद्दाम बॉल बगलेत मारला आणि बाजारातून भोपळा आणावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मुली हसायला लागल्या. तुम्ही डोंगराकडे बघत राहिलात. मी बॉल तुमच्या पायाशी ठेवला आणि घरी आले. बूट धुऊन वाळवले आणि धाकट्या बहिणीला दिले. मी खेळणं का सोडलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला शिट्टी न देणं ही तुमची माफी मागायची रीत होती हे मला फार उशिरा कळलं, आणि कळूनही ती नकोशीच वाटली.

नवऱ्याला, मुलांना मी आजवर सांगत आले की आबांनी दोघींना सारखा नियम लावला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. तुमच्या माघारी हे सांगणं सोपं होतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही तिलाही शिट्टी दिली असतीत तरी मी रडलेच असते. मला सारखा नियम नको होता, आबा. त्या दिवशी तुम्ही तिला जसं सोडलंत तसं मला सोडायला हवं होतं, सगळ्यांच्या देखत, एकदाच. नंतर नाही.